नावावर न घेतलेला आजार

आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. "आजोबांचं ते", "ती भानगड", "मंगळवारचं काम" असं म्हणतात. माझे बाबा अटलांटाहून फोन करतात तेव्हा विचारतात, "मग? त्या गड्याचं काय म्हणणं?" जसं काही आजोबांनी माळ्यावर एखादा आगाऊ भाडेकरू ठेवलाय.

आजोबा म्हणजे डीकन ओझेल टार्पली, चर्चचे मानकरी. जॉर्जियातल्या मेकनच्या रेल्वे यार्डात त्यांचा जन्म गेला आणि न्यू हेब्रन बॅप्टिस्ट चर्चमध्ये पुढच्या बाकावरची त्यांची जागा अजून कुणी घेत नाही. हाडांच्या आतल्या मज्जेत कॅन्सर झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी गुडघ्यावरची हॅट सरळ केली आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तुमचं काम केलंत. सांगितलंत, मी ऐकलं. पण मी ते माझ्या नावावर घेत नाही."

आमच्यात असंच आहे. वाईट गोष्ट तोंडातून काढली की ती तुमची झाली. न्यू हेब्रनमध्ये कुणालाही विचारा. मदर ब्रॉडनॅक्सचा गुडघा दहा वर्षं सुजलेला आहे आणि त्या म्हणतात, "संधिवात? कुणाचा? माझा नव्हे!" आणि काठी टेकत टेकत जातात.

पण ती भानगड कुणाच्या तरी नावावर चढायचीच होती. ती चढली व्हर्निटा आत्याच्या.

व्हर्निटा आत्या ही बाबांची थोरली बहीण. आजी गेल्यावर ती आजोबांच्या घरी परत राहायला आली आणि तिथेच राहिली. आईबाबांचं बिनसल्यापासून मीही तिथेच असते. आत्या पाणीखात्याच्या ऑफिसात काउंटरवर बसते, त्यामुळे तिच्याकडे दोन आवाज आहेत. एक फोनवरचा आणि एक घरचा. फोनवरचा असा: "नमस्कार, मी मिस टार्पली बोलते आहे. आपली गैरसोय झाली याबद्दल मी दिलगीर आहे. आपण कृपया क्षणभर प्रतीक्षा कराल का?" आणि लगेच फोनवर हात ठेवून: "केटुरा! झाकण ठेव त्या भांड्यावर, माशी पडली तर तूच खाशील!"

आम्ही काळी माणसं, पण फोनवरच्या आवाजात ती गोरी वाटते. म्हणजे बरोब्बर गोरी, मध्यमवयीन, दोन कुत्री असलेली. मी तो काढते तेव्हा शाळेत मुली गडाबडा लोळतात. आत्याला ते अजिबात आवडत नाही. "हसतेयस काय? त्या आवाजावर घर चाललंय," म्हणते.

आजोबांच्या आजारपणात तो आवाज जुंपला गेला तो गेलाच. सकाळी विमावाल्यांशी, दुपारी औषधाच्या दुकानाशी, संध्याकाळी काकांशी. काकांचे सल्ले म्हणजे एक वेगळाच आजार. "व्हर्न, त्यांना साखर देऊ नकोस. साखरेवरच वाढतं ते." "व्हर्न, लसूण कच्चा दे." "व्हर्न, मी एक व्हिडिओ पाठवलाय." आत्या म्हणायची, "पाठव. आणि व्हिडिओबरोबर तूही ये. मंगळवारी." त्यावर पलीकडे एकदम रेंज जायची.

दर मंगळवारी किमो. आत्या आजोबांना कोट घालायची, टाय बांधायची, बूट चमकवायची. "टाय असला की माणूस म्हणून बघतात," म्हणायची, "नाहीतर गर्दी म्हणून." तिकडच्या नर्सबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की औषधानं अंगातली ताकद जाते, साधा जंतूसुद्धा जीव घेईल. ताप शंभराच्या वर चढला की वाट बघायची नाही. सरळ इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं, कॅन्सर आहे, किमो चालू आहे. आत्यानं मान हलवली होती. ताप मोजायचं यंत्र तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असे, पुदिन्याच्या गोळ्यांच्या शेजारी. स्वयंपाक करता करता ती मध्येच आजोबांच्या कपाळाला उलटा हात लावायची, आणि आजोबा म्हणायचे, "मी काय ब्रेड आहे का, फुगलोय का बघायला?"

त्या रविवारी भांडण सकाळीच झालं. महिन्याचा पहिला रविवार होता. आमच्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस, आणि डीकन लोक तबकं फिरवतात.

"डॅडी, डॉक्टरांनी गर्दीत जायला नको सांगितलंय."

"देवाच्या घराला गर्दी म्हणतात का?"

"तिथे सत्तर माणसं तुमचा हात हातात घेणार. त्यातली निम्मी शिंकतात."

"शिंकू दे. मी तबक धरणार."

"डॅडी..."

"अह्हं."

हे "अह्हं" म्हणजे आजोबांचं खाकरणं. घशातल्या घशात, आखूड, दाराची कडी लागल्यासारखं. ते ऐकून माझे पन्नाशीचे बाबासुद्धा हातातला काटा खाली ठेवतात. आत्या तिचा पांढरा गणवेश घालायला गेली.

आत्या चर्चमध्ये अशर आहे. पांढरा ड्रेस, पांढरे बूट, पांढरे हातमोजे, डावा हात कमरेमागे. दाराशी उभं राहायचं, माणसांना जागेवर न्यायचं, आणि हे सगळं तोंड न उघडता. बोटं छातीशी धरली की एक अर्थ, कोपर वाकवलं की दुसरा. प्रार्थना चालू असताना अशर बोलली तर मदर ब्रॉडनॅक्स तिच्याकडे अशा बघतात की पुढच्या रविवारी ती चर्च बदलून मेथॉडिस्ट होते.

आमच्या चर्चमध्ये तबकातले इवलेसे पेले अजून काचेचे आहेत. आजोबा तबक घेऊन तिसऱ्या बाकापाशी आले आणि पेले वाजायला लागले. आधी हळू, कुणी लांबून सायकलची घंटी वाजवावी तसे. मग जोरात. किणकिण किणकिण किणकिण. त्यांचा चेहरा एकदम शांत होता, फक्त कोपरापासून पुढे हात थरथरत होते. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा संचारला. मागून कुणीतरी म्हणालं, "हो प्रभू, हो!"

दारातून आत्यानं दुसऱ्या अशरला खूण केली. माझी जागा घे. ती भर प्रार्थनेत मधल्या वाटेनं चालत आली. पळाली नाही, अशर पळत नाहीत, पण तिचे बूट नेहमीपेक्षा भराभर वाजत होते. तिनं तबक आजोबांच्या हातातून घेऊन शेजारच्या डीकनकडे दिलं आणि आजोबांचं कोपर धरलं. मग बाहेर पोर्चवर पर्समधून यंत्र काढलं. ते चिवचिवलं. तिनं बघितलं आणि मला दाखवलं नाही.

"चला, डॅडी."

"अजून आशीर्वाद व्हायचाय."

"गाडीत देते मी आशीर्वाद."

गाडीत मागच्या सीटवर मदर ब्रॉडनॅक्स आधीच बसलेल्या होत्या, मांडीवर पर्स, डोक्यावर जांभळी हॅट. चर्चमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या त्या मुख्य, त्यामुळे त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती नव्हती. "डीकन आजारी आणि मी घरी जाऊन जेवू?" त्या म्हणाल्या. "चालव."

आत्यानं कॅन्सरच्या दवाखान्यात फोन लावला. रविवार. पलीकडून यंत्र बोललं, जवळच्या इमर्जन्सीत जा. जवळची इमर्जन्सी म्हणजे गावातलं जुनं इस्पितळ, जिथे आजोबांचे कागद नव्हते आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ते ऐकून आत्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. आजी तिथेच गेली होती. तेव्हा आजीला तासनतास बाहेर बसवून ठेवलं, आत्याचा आवाज चढला, आणि त्यानंतर सगळे आजीऐवजी आत्याकडेच बघायला लागले. पहारेकरी आला. तिला बाहेर नेलं. ती परत आत आली तेव्हा आजीच्या तोंडावर चादर होती. हे मला आत्यानं सांगितलेलं नाही, बाबांनी सांगितलंय. त्या दिवसापासून आत्या बाहेर कुठेही घरचा आवाज काढत नाही.

इमर्जन्सीच्या खिडकीतल्या नर्सबाई तरुण होत्या, च्युइंगम खात होत्या आणि प्रत्येक वाक्य वर नेऊन सोडत होत्या. "हाऽय, ओझेल! कसं वाटतंय आज?"

"मिस्टर टार्पली," आत्या फोनवरच्या आवाजात म्हणाली.

"हो का? मिस्टर टार्पली, कसं वाटतंय?"

"देवाची कृपा आहे, मॅम," आजोबा म्हणाले. "लायकीपेक्षा जास्तच दिलंय त्यानं."

"कित्ती गोड! कुठे दुखतंय?"

"तक्रार काही नाही."

कीबोर्डवर टक टक टक. ताप घेतला. "थोडा आहे हं अंगात. फ्लूची साथच चाललीय. आधीचे काही आजार? शुगर, बीपी, हार्ट, कॅन्सर?"

"शुगर आहे. बीपी होतं, पण या पोरीनं मिठाची बरणी लपवल्यापासून तेही कंटाळून गेलं."

"आणि कॅन्सर?"

आजोबांनी हॅट सरळ केली. "तसं काही लोक म्हणतात. मी नाही म्हणत. मी ते माझ्या नावावर घेत नाही."

"आमेन," मागून मदर ब्रॉडनॅक्स म्हणाल्या.

"नाही," नर्सबाई स्वतःशीच पुटपुटल्या, आणि एकदाच बोट आपटलं. टक. मी ते ऐकलं. आत्यानंही ऐकलं. तिनं तोंड उघडलं.

"अह्हं," आजोबा म्हणाले.

आत्याचं तोंड मिटलं. मग तिनं पुन्हा धीर केला आणि खिडकीजवळ वाकली. "क्षमा करा, मॅम. एक बाब आपल्या निदर्शनास आणून द्यायची होती. माझ्या... यांच्यावर सध्या काही उपचार सुरू आहेत."

"हो हो, ते डॉक्टर विचारतील. तुम्ही कुठल्या एजन्सीकडून?"

"माफ करा?"

"यांची केअरटेकर ना तुम्ही?" नर्सबाईंनी पांढऱ्या ड्रेसकडे, पांढऱ्या हातमोज्यांकडे बोट केलं. "घरचं कुणी येणार आहे का? सही लागेल."

"मी त्यांची कन्या आहे, मॅम."

"अय्या, सॉरी! तो ड्रेस बघून वाटलं. बसा हं, नाव पुकारू."

काय सांगू, तो आवाजच वाईट. त्यात काळजी नावाची गोष्ट मावतच नाही. पाण्याच्या बिलात चूक झालीय, एवढंच त्यात सांगता येतं. "काही उपचार" म्हणे! मी तिच्या जागी असते तर? मी काहीच केलं नसतं. मी सोळा वर्षांची आहे आणि आजोबा माझ्याकडे बघत होते.

आम्ही बसलो. भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई केकवर फुलं काढत होती. पाय मुरगळलेल्या एका माणसाला आत बोलावलं. मग नाकात मणी अडकलेल्या पोराला. मग एका जोडप्याला, ज्यांना काय झालं होतं ते कळेना, कारण ती दोघंही हसत होती. दर वेळी दार उघडलं की आत्या अर्धी उठायची आणि दर वेळी परत बसायची. आजोबांचे दात वाजायला लागले होते. तिनं स्वतःचा कोट त्यांच्यावर घातला, मग माझा घातला.

"डॅडी, मी त्यांना सांगते."

"काय सांगतेस?"

"खरं ते."

"खरं देवाला ठाऊक आहे. त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही."

"बरोबर," मदर ब्रॉडनॅक्स म्हणाल्या. "व्हर्निटा, विश्वास ठेव. बोललीस की बोलावलंस."

आत्यानं मला हळूच विचारलं, "त्यांचे ओठ निळे दिसतायत का? की या दिव्यामुळे?"

"दिव्यामुळे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

दाराशी पहारेकरी उभा होता, पोट पुढे, अंगठे पट्ट्यात. तिची नजर खिडकीकडे जायची, तिथून त्याच्याकडे, आणि मग मांडीवरच्या हातमोज्यांकडे. मला वाटतं, तिच्या डोक्यात आजीची ती दुपारच चालली होती. उठले आणि आवाज चढला, तर पुन्हा सगळे माझ्याकडे बघतील. आणि नाही उठले तर?

तेवढ्यात आजोबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात तापलेल्या तव्यासारखा होता. माझ्याकडे बघून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "अर्नेस्टिन, कंदील जरा वर धर. मागून मालगाडीचे डबे येतायत."

अर्नेस्टिन हे आजीचं नाव.

मी हसले. म्हणजे तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. आत्या हसली नाही. तिनं एका हाताचा मोजा काढला, एकेक बोट ओढून. मग दुसरा. गणवेशात असताना अशर मोजे काढत नाही, आईचा अंत्यविधी असला तरी नाही. मदर ब्रॉडनॅक्सनी श्वास आत ओढला. आत्यानं मोजे माझ्या मांडीवर ठेवले आणि खिडकीकडे गेली.

"तुमचं नाव पुकारू आम्ही, हनी..."

"ऐका, बाई."

हा घरचा आवाज होता. तो वर जात नाही, खाली जातो. आम्ही पोरं लहानपणी तो ऐकला की सायकली टाकून पळायचो. तिनं तो बाहेर काढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"माझ्या बापाला कॅन्सर आहे. हाडांच्या आतला. मंगळवारी किमो झालाय, अंगात लढायला काही उरलेलं नाही, आणि तो माझ्या मेलेल्या आईशी बोलतोय. तुम्ही तिथे 'नाही' लिहिलंय. ते पुसा."

टीव्हीतली बाई सोडून सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. पहारेकऱ्यानं अंगठे पट्ट्यातून काढले.

"व्हर्निटा!" मदर ब्रॉडनॅक्स काठीसकट उभ्या राहिल्या. "मागे घे! येशूच्या नावानं तो शब्द मागे घे!"

"नाही घेत, मदर."

"बापाच्या अंगावर टाकतेयस तू ते!"

"ते अंगावरच आहे. जरा बाजूला व्हा, चाकाची खुर्ची यायचीय."

नर्सबाईंचं च्युइंगम थांबलं होतं. "पण ते स्वतःच म्हणाले..."

"त्यांनी काय म्हटलं ते मला माहीत आहे. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. 'नावावर घेत नाही' म्हटलं. आमच्याकडे त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता उठा."

नर्सबाई उठल्या. खुर्ची आली, आणखी दोघंजण आले. आजोबांना उचलताना त्यांची नजर क्षणभर साफ झाली. त्यांनी मला नाही, आत्याला बघितलं.

"सगळ्यांसमोर, व्हर्निटा," ते म्हणाले. मग दार बंद झालं.

बऱ्याच वेळानं एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या भराभर बोलल्या, आत्यानं त्यांना मध्येच थांबवून दोनदा सगळं परत सांगायला लावलं. रक्तात जंतू पसरलेत. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. औषध नसेतून सुरू केलंय. "आणलंत ते बरं केलंत, पण आज रात्री काय होईल ते आज सांगता येणार नाही." आत्या म्हणाली, "आभारी आहे, मॅम," आणि तो आवाज दोन्हीतला कुठलाच नव्हता.

सलाइन गेल्यावर आजोबा शुद्धीवर आले. आणि पहिलं काय म्हणाले? नर्सला म्हणाले, "तिला बाहेर बसू द्या."

ती बसली नाहीच. दाराच्या चौकटीशी उभी राहिली, आत जायचं नाही आणि लांबही जायचं नाही अशी. मदर ब्रॉडनॅक्स तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"मी हे रेव्हरंडना सांगणार आहे," त्या भिंतीला म्हणाल्या.

"सांगा."

मदर ब्रॉडनॅक्सनी काठी जमिनीवर आपटली. "मला तो शब्द पटलेला नाही."

"बरं."

"पण खुर्ची लवकर आली," भिंतीला उद्देशूनच त्या म्हणाल्या. मग काठी घेऊन त्या कॉफी शोधायला गेल्या.

मी आत होते, आजोबांच्या पायांशी. ते छताकडे बघत होते. अंगात अजून थंडी होती, पलंगाचा कठडा बारीक वाजत होता.

"केटुरा."

"हो सर?"

"त्या बाईला विचार, सकाळी गॅसवर काय ठेवलं होतं."

मी दाराकडे वळले. "आत्या, आजोबा विचारतायत..."

"ऐकलं मी. सांग, डुकराच्या मानेची हाडं. ग्रीन्सचा पाला घालून."

"मानेची हाडं, आजोबा. ग्रीन्स..."

"मला कान आहेत. विचार, मंद ठेवलं होतं की बंद केलं होतं."

मी आत्याकडे बघितलं. आत्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याच्यावर आमचं अख्खं स्वयंपाकघर उमटलं. तिचा हात तोंडावर गेला.

"व्हर्निटा!" आजोबा ओरडले. ओरडले म्हणजे खोकल्यासारखे, पण तिच्या नावानं. "माझं घर जाळतेस काय गं!"

आत्या आत आली. दार, नाराजी, काहीही न बघता सरळ आत, शेजारणीला लावलेला फोन कानाला. "मिस लॉटी? मी व्हर्निटा. किल्ली कुंडीखाली आहे. नाही, उजव्या! पळा! ... नाही, ते ठीक आहेत. म्हणजे नाहीत. तुम्ही पळा आधी!"

आम्ही तिघंही फोनकडे बघत राहिलो. पलीकडे मिस लॉटीच्या सपाता फटफटत होत्या, मग दार, मग "हे प्रभू, काय हा धूर!", मग खिडकी, मग पुष्कळ खोकला. "भांडं गेलं, बेबी! घर आहे!"

"कुठलं भांडं?" आजोबांनी विचारलं.

"आईचं," आत्या म्हणाली. "काळं."

आजोबांनी डोळे मिटले. "तुझी आईही त्याच्या बुडाला नेहमीच लावायची," म्हणाले.

आत्या खुर्चीच्या कडेला टेकली, ऊठ म्हटलं तर उठता येईल अशी. नर्स ताप बघायला आली. यंत्र चिवचिवलं आणि आम्ही तिघंही श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"एकशे दोन," ती म्हणाली. "मघाएवढाच."

"म्हणजे उतरत नाहीये?"

"चढत नाहीये."

नर्स गेली. आत्यानं यंत्राच्या जागी स्वतःचा उलटा हात आजोबांच्या कपाळाला लावला. या वेळी ते ब्रेडचं काही बोलले नाहीत. तिनं हात तसाच ठेवला.

"पाय उघडे पडलेत माझे," थोड्या वेळानं आजोबा म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

आत्या उठली आणि चादर ओढायला पायथ्याशी गेली.